दीडपट वेग

फोन बिघडला, असंच मला आधी वाटलं. सकाळी ऑफिसला निघाले होते, बिग बीव्हर रोडच्या सिग्नलला उभी होते. मार्च संपत आला तरी रस्त्याच्या कडेला काळपट बर्फाचे ढिगारे तसेच पडलेले. आणि गाडीच्या स्पीकरमधून आईचा व्हॉइस मेसेज सुरू झाला तो बॅटरी उतरलेल्या टेपरेकॉर्डरसारखा. "सुवर्णा... बेटा... इकडे ऊन... फार वाढलं बाप्पा. मी... परवा... ते काढलं... ते... खिडकीत लावतो ना आपण... हवेचं..." मग नुसताच श्वास. मी स्पीकरचा आवाज वाढवला, मग कमी केला, काहीतरी दाबलं. सिग्नल हिरवा झाला. मागच्याने हॉर्न दिला, आणि अमेरिकेतल्या आमच्या ट्रॉय गावात कुणी हॉर्न दिला म्हणजे तो खरोखर वैतागलेला असतो. "...वाळ्याच्या ताट्या असतात... पाणी टाकतो... ते," आई म्हणाली आणि तो विषय तिथेच सोडून तिने विचारलं, "तुझं... किती राहिलं?" माझं म्हणजे माझ्या डिग्रीचं. हा प्रश्न तिच्या प्रत्येक मेसेजच्या शेवटी असतो. ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी लावून मी फोन हातात घेतला तेव्हा लक्षात आलं, फोन ठणठणीत होता. आदल्या दिवशी अॅप अपडेट झालं होतं आणि त्यात माझी सेटिंग उडाली होती. दीडपटची परत एकपट झाली होती. म्हणजे मी जे ऐकलं ते बिघडलेलं नव्हतं, ती आई होती. आणि तिला जे आठवत नव्हतं ते कुलर. अकोल्याच्या बाईला कुलर आठवू नये? अकोल्यात जन्मलेलं मूल आई-बाबानंतर तिसरा शब्द कुलरच शिकत असेल.

हे दीडपट प्रकरण कधी सुरू झालं ते सांगायला हवं, कारण ते काही मी ठरवून केलेलं नाही. गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत मी क्वालिटीचं काम बघते, बरीच वर्षं झाली. तीन वर्षांपूर्वी मॅनेजरने गोड बोलून सांगितलं, पुढे जायचं तर मास्टर्स पाहिजे. मास्टर्स! अकोल्यात एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असताना लग्न झालं, श्रीरंगबरोबर मी इकडे आले, ते अर्धवट राहिलेलं एमएस्सी आईच्या मनात आजतागायत रुतून बसलेलं. बाबांच्या मागे तिने एकटीने मला शिकवलं होतं, मी एकुलती एक. म्हणून मी ऑनलाइन मास्टर्सला नाव घातलं. नोकरी सांभाळून, घर सांभाळून, सवडीने, असं त्या वेबसाइटवर लिहिलं होतं आणि फोटोत एक बाई लॅपटॉपसमोर कॉफी घेऊन हसत बसली होती. ती बाई मला भेटली तर मी तिला सोडणार नाही. पहिल्याच आठवड्यात कळलं की सवड वगैरे काही नसते, सवड कापून काढावी लागते. लेक्चरं रेकॉर्ड केलेली असायची आणि प्रोफेसर एकेक वाक्य चावून चावून बोलायचे. वर्गातल्याच कुणीतरी सांगितलं, स्पीड दीड कर. केला. तासाचं लेक्चर चाळीस मिनिटांत, म्हणजे बरोबर जाण्या-येण्याच्या ड्राइव्हमध्ये. मला काय आनंद झाला! मग मी बातम्या दीडने ऐकायला लागले, ऑफिसच्या मीटिंगची रेकॉर्डिंग दीडने, रेसिपीचे व्हिडिओ दीडने. आणि आईचे मेसेज कधी दीडवर गेले ते मला आठवत नाही. बोटाला सवय लागली, एवढंच. तिला मीच सांगितलं होतं, "आई, तू बोलून पाठवत जा ना, मी सवडीने ऐकते, फोनच्या वेळा जमत नाहीत." ती हो म्हणाली. ती कशालाही हो म्हणते, अभ्यास म्हटलं की.

त्या दिवशी ऑफिसात माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. समोर कंप्लेंटचा रिपोर्ट उघडा आणि मी जेवणाच्या सुटीची वाट बघतेय. सुटी झाल्यावर गाडीत येऊन बसले, हीटर लावला आणि तोच मेसेज परत ऐकला. एकदा जसा आहे तसा. मग दीडने. दीडने ऐकल्यावर माझ्या अंगावर काटाच आला, कारण दीडने ती आई होती. म्हणजे माझी, मला माहीत असलेली आई. झपझप बोलणारी, वाक्याला वाक्य जोडणारी, मध्ये थांबलीच तर ठसक्यात थांबल्यासारखी. "हवेचं" नंतरचं ते भलंमोठं थांबणंसुद्धा दीडने नुसतं पदर सावरायला थांबल्यासारखं वाटत होतं. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. ट्रंक कॉलचे दिवस. रविवारी तिची ड्यूटी असली आणि बाबाही घरी नसले की ती मला बरोबर न्यायची, आणि मी स्विचरूमच्या दाराशी स्टुलावर पाय हलवत बसायचे. कानाला हेडफोन, समोर भोकांची ती मोठी पाटी, दोन्ही हातांत दोऱ्या, आणि तोंड असं चालायचं की काय सांगू. "अकोला बोलतेय, नागपूर द्या, बोला भुसावळ, लाइनवर राहा, जोडतेय, बोला, बोला ना, वेळ चाललाय तुमचा." लोक बिचारे महिनाभर साठवलेलं बोलायला उभे असायचे आणि समोरून आवाज आला की नुसतंच "बरं आहे का? बरं आहे ना?" करत बसायचे. मग आईचा आवाज मध्ये पडायचा, "तीन मिनिटं झाली, वाढवू?" बहुतेक जण घाबरून ठेवून द्यायचे. एखादा म्हणायचा, "वाढवा ताई, वाढवा." तेव्हा आई माझ्याकडे बघून हसायची. का हसायची ते मला तेव्हा कळायचं नाही. घरीसुद्धा ती तशीच बोलायची, एक्स्चेंजच्या वेगाने. बाबा म्हणायचे, तुझ्या आईशी भांडायचं तर आधी वेळ घ्यावी लागते. तर तो वेग तिचा गेला होता. कधीतरी, हळूहळू, कुणाला न कळता. आणि इकडे ट्रॉयमध्ये माझ्या फोनने तो तिला रोज परत दिला होता. ती जेवढी हळू होत गेली तेवढी मी तिला पळवत राहिले, आणि वर श्रीरंगला सांगत होते, "माझी आई बघ, सत्तरी ओलांडली तरी कशी टकाटक बोलते."

मी तिथूनच वसुधाकाकूंना फोन लावला. वसुधाकाकू म्हणजे आमच्या मंडळातल्या सगळ्यात जुन्या, रिटायर्ड डॉक्टर, त्यांनी इथे पहिलं बिऱ्हाड केलं तेव्हा आम्ही शाळेत होतो. आयुष्यभर म्हाताऱ्या माणसांनाच तपासलं त्यांनी. मी मेसेज पाठवला, त्यांनी ऐकला, परत फोन केला. "जीभ जड झालेली नाहीये, शब्द सापडत नाहीयेत," त्या म्हणाल्या, "बऱ्याच कारणांनी होऊ शकतं. थायरॉईड असेल, बी-ट्वेल्व्ह असेल, दुसरंही काही असेल. फोनवरून मी काही सांगणार नाही. कुणीतरी घेऊन जाऊन नीट तपासायला हवं. मला एक सांग, हे कधीपासून आहे?" मी हीटर कमी केला. "हळूहळू आलं की एकदम?" मी हीटर परत वाढवला. "अगं, तू बोलतेस ना तिच्याशी?" काकूंनी हे टोचून विचारलं नव्हतं. डॉक्टर विचारतात तसं विचारलं होतं. "रोज मेसेज असतो," मी म्हटलं. "बरं. आणि मे महिन्यात त्या येणार होत्या ना, तुझ्या कॉन्व्होकेशनला? एकट्या?" एकटीच येणार होती. दोह्याला विमान बदलून. तिकीट काढून झालं होतं. "एकटीला नको बसवूस," काकू म्हणाल्या.

कॉन्व्होकेशन हा माझा हट्ट नव्हता, खरं तर मी स्टेजवर न जाता पोस्टाने डिग्री मागवणार होते. आईनेच मागे लागून ठरवलं. तिला मला त्या काळ्या झग्यात बघायचं होतं. एमएस्सीच्या वेळी राहिलं ते, म्हणायची. मी ऑफिसात परत जाऊन बसले आणि वर्गाचा डिस्कशन बोर्ड उघडला, कारण बुधवार होता. बुधवारपर्यंत आपलं एक मत मांडायचं आणि दोन वर्गबंधूंच्या मतांना उत्तर द्यायचं, असा आमच्याकडे नियम. तीन वर्षांत मी न बघितलेल्या, पुन्हा कधी न भेटणाऱ्या माणसांना अशी किती उत्तरं दिली असतील. पद्धत ठरलेली. पहिलं वाक्य, तुमचा मुद्दा आवडला. दुसरं वाक्य, त्यांचाच मुद्दा वेगळ्या शब्दांत. तिसरं, एक प्रश्न, म्हणजे आपल्याला रस आहे असं दिसतं. मी दोन्ही उत्तरं टाकली आणि मग सहज आईला पाठवलेले माझे मागचे मेसेज बघितले. "अरे वा आई, कैऱ्या आल्या का! मस्त. लोणचं घालणार?" "अरे वा आई, रेखावहिनी आल्या होत्या का! छान. काय म्हणतात?" मला स्वतःचीच इतकी लाज वाटली की मी लॅपटॉप मिटला. आणि त्या सगळ्या मेसेजांच्या मध्ये मध्ये, तिच्या बाजूला, त्या करड्या पट्ट्या होत्या, मेसेज डिलीट केल्याच्या. एक, परत एक, लागोपाठ तीन, मग मेसेज. म्हातारीची बोटं चुकीच्या जागी पडतात, असं मी गृहीत धरलं होतं.

संध्याकाळी माझ्या लेकीला, कादंबरीला, ड्राइव्हिंगच्या प्रॅक्टिसला घेऊन जायचं होतं. सोळाची आहे, परमिट मिळालंय, शेजारी मी बसायचं आणि नसलेला ब्रेक पायाने दाबायचा. उजेड होता अजून. ती शाळेचं काहीतरी सांगत होती आणि मी हं, हं, हं करत होते. "आई, यू आर डुइंग इट अगेन," ती म्हणाली. काय करतेय मी? "दॅट हं-हं-हं थिंग. लाइक यू वॉन्ट मी टू फिनिश." मी तोंड मिटलं. दोन सिग्नल गेले. मग मी विचारलं, "कादू, तू रविवारी आजीशी बोलतेस ना व्हिडिओवर, आजी हळू बोलते का गं?" "येस," ती म्हणाली, आरशात बघत, लेन बदलत, अगदी सहज. "कधीपासून?" तिने विचार केला. "लास्ट समर? नो, बिफोर दॅट. माझ्या बर्थडेपासून, आय थिंक. वर्ड्स विसरते. सो आय वेट. देन शी गेट्स इट." मग म्हणाली, "यू ऑल टॉक सो फास्ट. आजीचं मराठी मला कळतं. आय थॉट शी वॉज डुइंग इट फॉर मी." मी खिडकीबाहेर बघायला लागले. कुठल्यातरी बँकेची पाटी, मग चर्च, मग गाड्यांचं शोरूम. "इज समथिंग राँग विथ आजी?" कादंबरीने विचारलं. पाय ब्रेकवर गेला तिचा. मी म्हटलं, "माहीत नाही बेटा, रस्त्याकडे बघ." मला रडू येत होतं आणि मुलगी पस्तीस मैलांच्या वेगाने गाडी चालवत होती, म्हणून मी रडले नाही.

घरी श्रीरंगने वरणभाताचा कुकर लावून ठेवला होता. सगळं ऐकून घेतलं त्याने. श्रीरंगचं बरं आहे, तो धक्का बसला की आधी कामाचं बोलतो. "किती राहिलंय तुझं?" त्याने विचारलं. त्याने आणि आईने एकच प्रश्न विचारावा! फायनल प्रोजेक्ट राहिलंय, एप्रिलच्या शेवटी प्रेझेंटेशन. "ऑनलाइन आहे ना सगळं? मग तू आत्ता जा आणि अकोल्यातून कर. ऑफिसात दोन-तीन आठवडे माग. नाही दिले तर बघू." मी म्हटलं, "आणि मे? कॉन्व्होकेशन?" त्याने कुकरचं झाकण काढलं. दोघांनाही उत्तर माहीत होतं. वेडेपणा बघा, त्या क्षणी मला वाईट कशाचं वाटलं तर त्या झग्याचं. मला स्वतःला त्याची काडीची हौस नव्हती, आणि तरी वाटलं, अरे, राहिलंच की हे. परत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर निघाले आणि ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी लावली. तिकडे संध्याकाळ, आई चहा घेऊन ओट्यावर बसते ती वेळ. मेसेज नाही, फोन लावला. बऱ्याच वेळाने तिने उचलला. "हॅलो?" तिच्या आवाजात भीती होती, कारण आधी कळवल्याशिवाय मी फोन करत नाही. "काय झालं? कादू... बरी आहे ना?" सगळे बरे आहेत आई, म्हटलं, सहज केला. "सहज?" ती म्हणाली. मग ती बोलायला लागली. काय सांगू, किती हळू. मेसेजमध्ये होती त्याहून कितीतरी हळू. एकेक शब्द ती उचलून बघत होती, हाच का, आणि नसला तर खाली ठेवत होती. शेजारच्या रेखावहिनींच्या सुनेचं काहीतरी ती सांगत होती, "तिला... ते झालं... पोटात... नाही का... गोड बातमी नाही... ते दुसरं... दगड..." मुतखडा, मुतखडा, माझ्या जिभेवर नाचत होतं. मी ओठ दाबून धरले. माझा अंगठा आपोआप फोनच्या पडद्यावर जाऊन उभा राहिला होता, जिथे दीडचं बटण असतं तिथे. तिथे काही नव्हतं. "...खडा," आई म्हणाली, "मुतखडा," आणि तिला स्वतःलाच इतकं बरं वाटलं की ती हसली.

"आई," मी म्हटलं, "तू मला मेसेज पाठवतेस त्याच्या आधी काही पुसतेस का गं?" तिकडे कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला. "चुकतं ना," ती म्हणाली. "मध्येच... अडकतं. मग पुसते. परत बोलते. नीट झालं... की पाठवते. तुला... अभ्यास असतो. तुझा वेळ... कशाला घालवू?" म्हणजे मी काल जे ऐकून हादरले ते तिचं चांगल्यातलं चांगलं होतं. पुसून, परत बोलून, मनासारखं झालेलं. तिने तिकडे स्वतःला जमेल तेवढं पळवलं होतं आणि मी इकडे उरलेलं पळवलं होतं. दोघींनी मिळून मला काही कळू दिलं नव्हतं. मी स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. "आई, तू नको येऊस मेमध्ये," मी म्हटलं, "मीच येते. पुढच्या आठवड्यात. आपण दवाखान्यात जाऊ, दाखवून येऊ." मला वाटलं ती रागावेल, तो झगा आठवेल तिला. ती म्हणाली, "मला... त्या विमानतळाची... भीती वाटून राहिली होती. विमान बदलायचं ना... तिथे कुणी विचारलं... आणि मला आलं नाही सांगता, तर?" मग लगेच, जुन्या धाकाने, "आणि कॉलेज? किती... राहिलं?"

"थोडं राहिलंय. ते बरोबर घेऊन येते. तुझ्या समोर बसून करते." हे तिला आवडलं. ते कॉलेज कसं बरोबर येतं हे तिला समजावून सांगायला मला वेळ लागला, आणि मी तो लावला. तिने विचारलं, मास्तर दिसतात का? दिसतात. मला ऐकू येतील? येतील, तुला समजतील अशा बेताने लावू. मग ती परत काहीतरी सांगायला निघाली, "तू येशील तेव्हा... मी ते... ते काढलंय बघ... खिडकीतलं..." आणि थांबली. गाडीच्या काचेवर बारीक बर्फ पडायला लागला होता, मार्चमधला, पडता पडता पाणी होणारा. ऑफिसचे लोक गाड्या लावून आत जात होते. माझ्या मीटिंगची वेळ होऊन गेली होती. आई शोधत होती. मला तिचा श्वास ऐकू येत होता, मागे अकोल्यातल्या संध्याकाळच्या चिमण्या, कुणाचा तरी टीव्ही. मी हं म्हटलं नाही. शब्द सापडत नाही म्हणून की काय, ती एकदम ओशाळली.

"फार वेळ झाला गं," ती म्हणाली. "तीन मिनिटं... केव्हाच झाली असतील. ठेवू?"

"वाढवा ताई," मी म्हटलं. "वाढवा."